वहीतला चौथा

भुताच्या गोष्टीला अंधार लागतो असं सगळे समजतात. माझ्या गोष्टीत अंधार नाही. दुपारी दीडची वेळ होती, चहूकडे इतका उजेड होता की डोळे दुखत होते, आणि त्या उजेडात मला माझ्या हातातल्या काठीचं टोक दिसत नव्हतं. पण ते पुढचं. सुरुवात अगदी साधी झाली, ग्लेन वेव्हर्लीतल्या आमच्या स्वयंपाकघरात, धपाट्यांचा डबा भरताना.

आमची स्वरदा एकोणीस वर्षांची. युनिच्या आउटडोअर क्लबात गेल्यापासून घर ही तिची कपडे धुवायची जागा झाली होती. आमच्याबरोबर तिने शेवटचा अख्खा दिवस कधी घालवला हे मला आठवतही नव्हतं. म्हणून ऑगस्टमध्ये, इथल्या ऐन हिवाळ्यात, तिने आपणहून "तुम्हा दोघांना स्की टूरिंगला नेते" म्हटल्यावर मी हो म्हणून मोकळी झाले. टूरिंग म्हणजे काय हे नंतर विचारलं. लिफ्टने वर जायचं आणि घसरत खाली यायचं, तसलं ते नव्हे. पाठीवर पिशवी, पायात लांब स्की, आणि बोगाँग हाय प्लेन्सच्या उघड्या पठारावरून एका जुन्या लाकडी हटपर्यंत चालत जायचं, चालतच परत यायचं. बारा किलोमीटर. माझा नवरा अनिश बावन्न वर्षांचा, दिवसभर लॅपटॉपसमोर बसणारा. त्याने लगेच नवे हातमोजे मागवले. तयारी म्हटली की आमच्याकडे खरेदी होते.

सासूबाई तेव्हा सहा महिन्यांसाठी पुण्याहून आल्या होत्या. पद्मा त्यांचं नाव. बोलणं कमी, पण एकदा बोलल्या की विषय संपला. शुक्रवारी गाडीत सामान भरत होतो तेव्हा त्या दारात आल्या.

"तिघंच चाललात?"

"हो आई. तुम्हाला बर्फात कुठे नेणार?"

"तिघांनी मिळून निघू नये. ही घ्या चौथी." त्यांनी माझ्या हातावर लाल फडक्यात बांधलेली सुपारी ठेवली. "पोचलात की तिथेच ठेवून या. बरोबर परत आणायची नाही."

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. पुलावर किती भार चालेल ते मोजणं हा माझा धंदा. सुपारीने तिघांचे चार होतात हे मी माहेरीही ऐकलं होतं आणि तिथेही हसले होते. पण सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा सुपारी नेणं सोपं. मी ती जॅकेटच्या आतल्या खिशात टाकली आणि चेन ओढली.

शनिवारी सकाळी नऊला आम्ही वर पोचलो. गाड्या लावायच्या जागेशी एक छप्पर आहे, छपराखाली पत्र्याची पेटी, पेटीत वही. पठारावर जाणाऱ्याने त्यात लिहायचं: नावं, किती माणसं, कुठपर्यंत जाणार, किती वाजता परतणार. वेळेत परतून सही केली नाही तर माणसं शोधायला निघतात. अनिशने पेन्सिल घेतली. माणसं या रकान्यात त्याने चार लिहिलं. मग आमची तीन नावं लिहिली आणि खाली चौथं लिहिलं, बी. सुपारे.

"हा कोण?" मी विचारलं.

"बाळ सुपारे. आईने पाठवलाय ना आपल्याबरोबर!"

मला हसू आवरेना. खरं सांगते, बऱ्याच वर्षांनी मी अनिशच्या विनोदावर हसले.

स्वरदा हसली नाही. "बाबा, दॅट्स नॉट फनी. लोक यावरून रेस्क्यूला जातात. खोड ते."

"येताना खोडतो गं. मागे लाइन लागलीय."

आमच्या मागे खरंच चार-पाच जण उभे होते. वही पुढच्याच्या हातात गेली आणि बाळ सुपारे वहीत राहिला.

निघण्याआधी स्वरदाने आम्हाला एक नियम शिकवला. पठारावर वाट दाखवायला बर्फात खांब रोवलेले आहेत, ओळीने, प्रत्येकावर नंबर. धुकं आलं तर ओळ सोडायची नाही आणि थोड्या थोड्या वेळाने हजेरी घ्यायची. पुढची ती, ती 'वन' ओरडणार. मधला अनिश 'टू'. शेवटची मी, 'थ्री'. "कोणाचा नंबर आला नाही तर सगळ्यांनी जागीच थांबायचं. ओके? नो हीरोज."

तिचा आवाज ऐकून मला गंमत वाटली. याच मुलीला मी शाळेच्या पिकनिकला जाताना हात सोडू नकोस म्हणून बजावत असे.

जाताना आकाश निळं होतं. धरणाच्या भिंतीवरून पलीकडे गेलो की पठार सुरू होतं. वाकडी खोडं असलेली स्नो गमची झाडं मागे पडतात आणि मग फक्त बर्फ, खांब आणि वारा. मी सहा वेळा पडले, अनिश नऊ वेळा. स्वरदा आम्हाला उठवत होती, स्कीची टोकं कशी ठेवायची ते दाखवत होती, आणि तिघंही हसत होतो. बारा वाजता हटपाशी पोचलो. आत धुराचा आणि ओल्या लोकरीचा वास होता. धपाटे, लोणचं, थर्मासमधला चहा. इतकं चवदार जेवण मी त्या वर्षात जेवले नव्हते.

निघताना मला सुपारी आठवली. मी ती खिशातून काढून हटच्या खिडकीत ठेवली.

"आई, काय ठेवतेयस?"

"आजीची सुपारी. तिने सांगितलंय, इथे ठेवून यायची."

"नो वे. नॅशनल पार्क आहे हे. जे आणलं ते सगळं परत न्यायचं. केळ्याचं सालही नाही टाकायचं, मग हे तर बाहेरचं बी."

ती आपल्या जागी बरोबर होती, आणि मी नियम पाळणारी बाई. मी सुपारी उचलली, परत आतल्या खिशात ठेवली, चेन ओढली. सासूबाईंना काय सांगायचं ते घरी जाऊन बघू म्हटलं.

ढग आला तो आम्ही अर्ध्या वाटेवर असताना. आला म्हणजे चालून आला नाही. समोर खांब दिसत होता, मी चष्मा पुसला, आणि खांब नव्हता. वर पांढरं, खाली पांढरं, मध्ये रेषच नाही. आपण चढावर आहोत की उतारावर हेही कळेना. वाऱ्याचा आवाज बंद झाला. त्या पांढऱ्यात माझा श्वास मला इतका मोठा ऐकू येत होता की तो दुसऱ्याच कोणाचा असावा असं वाटायला लागलं.

"वन!" स्वरदाचा आवाज आला, कुठूनतरी.

"टू!" अनिश.

"थ्री!" मी.

आणि माझ्या मागून, अगदी जवळून, कोणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "चार."

मी मागे वळले. पांढरं. माझ्या स्कीचे दोन चर तेवढे दिसत होते, हातभर लांबीचे, मग तेही नाहीत.

"अनिश?" मी पुढे बघून हाक मारली. "तू बोललास?"

"काय बोललो? टू म्हणालो."

त्याचा आवाज पुढून आला. तो पुढेच होता. मी स्वतःला समजावलं, प्रतिध्वनी असेल. पण प्रतिध्वनी थ्रीचा चार करत नाही, आणि मराठीत तर नाहीच नाही.

आम्ही पुढचा खांब गाठला, मग त्याच्या पुढचा. स्वरदा एकेक खांब शोधून काढायची, हाक द्यायची, आणि आम्ही तिच्या आवाजाच्या रोखाने सरकायचो. दर खांबाला हजेरी. वन. टू. थ्री. मी थ्री म्हणाले की श्वास धरायचे. तीन खांब काही झालं नाही. चौथ्या खांबाला पुन्हा आलं. "चार." शांत आवाज, वयस्क माणसाचा, घाई नसलेला. वर्गात हजेरी द्यावी तसा.

मी काही बोलले नाही. बोलले असते तर स्वरदाचं लक्ष विचलित झालं असतं, आणि आमची सगळी मदार तिच्यावर होती. खोटं कशाला सांगू, मी रामरक्षा म्हणायला लागले होते. पुलांचे भार मोजणारी मी.

मग अनिश पडला. गुडघा वळला. ओरडला नाही, पण त्याचा चेहरा बर्फाच्या रंगाचा झाला. त्याला एका खांबाला टेकून बसवला. खांबाचा नंबर मला अजून पाठ आहे, दोनशे चौदा.

"मी पुढचा पोल शोधून येते," स्वरदा म्हणाली. "मग आपण बाबांना स्लोली नेऊ. तुम्ही हलू नका. मी दर दहा पावलांना ओरडेन."

"लांब जाऊ नकोस."

"नो वरीज, आई."

ती गेली. तीन पावलांत दिसेनाशी झाली. "वन!" आला. "टू," "थ्री," आम्ही ओरडलो. पुन्हा "वन!", जरा लांबून. पुन्हा आम्ही. मग तिसऱ्यांदा आला नाही.

आम्ही वाट पाहिली. मी तिचं नाव घेऊन ओरडले. अनिश ओरडला. त्या पांढऱ्याने आवाज कापसासारखा शोषून घेतला. मी घड्याळात पाहिलं, एक मिनिट, दोन मिनिटं. उणे चार तापमान होतं, आणि माझं एकुलतं एक लेकरू त्या कोऱ्या कागदात कुठेतरी होतं.

"टू!" अनिश ओरडला. त्याचा आवाज फाटला होता.

"थ्री!" मी.

"चार."

या वेळी मागून नाही. पुढून. स्वरदा गेली होती त्या बाजूने, पण जरा डावीकडून.

अनिशने माझा हात घट्ट धरला. "चित्रा... हे कोण...?"

"तुलाही ऐकू आलं?"

 त्याच्या डोळ्यांवरून कळलं की पहिल्यापासून ऐकू येत होतं, आणि त्यानेही मला सांगितलं नव्हतं.

नियम होता, नंबर आला नाही तर जागीच थांबायचं. मी नियम पाळणारी बाई. पण माझ्या पोरीचा नंबर येत नव्हता आणि ज्याला जागाच नाही त्याचा येत होता. ते जे काही होतं, ते मला खड्ड्यात नेत असेल की तिच्याकडे, हे ठरवायला माझ्याकडे काही साधन नव्हतं. मी पिशवीच्या पट्ट्यावरची शिट्टी अनिशच्या तोंडात दिली. "थांबायचं नाही. फुंकत राहा." आणि निघाले.

"थ्री," मी म्हणायचे, आणि थांबायचे.

"चार." जरा डावीकडे.

"थ्री."

"चार..." आता खालून, पाण्याच्या आवाजातून.

पाण्याचा आवाज कळला तशी मी गुडघ्यांवर बसले आणि काठीने बर्फ चाचपत सरकले. म्हणून वाचले. दोन हातांवर बर्फ तुटला होता. खाली ओहोळ होता, वरून बर्फाचं झाकण असलेला, आणि त्या झाकणातून स्वरदा आत गेली होती. छातीपर्यंत. एक स्की आडवा अडकला होता, हात बर्फाच्या काठावर पसरलेले, ओठ निळे. ती ओरडत होती, पण खालचं पाणी इतकं खळाळत होतं की हातभरावर मला तिचा आवाज कुजबुजीसारखा आला.

"आई... आय कान्ट फील..."

मी आडवी झाले. तिच्या पिशवीचा पट्टा पकडला, बूट स्कीला धरून ठेवणारं कुलूप काठीने दाबून सोडवलं, आणि ओढलं. मी पन्नास किलोची बाई. ती माझ्याहून उंच. माझ्या हिशेबाने ती निघायला नको होती. ती निघाली. खालून कोणी उचलून द्यावी तशी निघाली.

शिट्टी ऐकत आम्ही अनिशकडे परत आलो. मी तिचे ओले मोजे काढले, माझे कोरडे घातले, अनिशचं जॅकेट तिला गुंडाळलं. ती कुडकुडत होती, आणि कुडकुडते आहे म्हणजे ठीक आहे, हे तिनेच आम्हाला सकाळी सांगितलं होतं. मी तिचा चेहरा छातीशी धरून रडले. लाजबीज काही वाटली नाही.

"आई," ती म्हणाली, "खाली कोण होतं?"

"खाली कुठे?"

"पाण्यात. माझ्या बुटाखाली हात होता. मला वाटलं ओढतोय. पण तो... होल्डिंग मी अप. सगळा वेळ. आणि फोर, फोर म्हणत होता. म्हणजे, चार."

 मग स्वरदाने नाक पुसलं आणि हळूच म्हणाली, "वन."

"टू."

"थ्री."

"चार." पुढून. सरळ समोरून.

त्या आवाजावर आम्ही खांबामागून खांब गाठले. अनिश आमच्या दोघींच्या खांद्यावर, एका पायाने. मला भीती वाटत नव्हती असं नाही, पण त्या भीतीत आता दुसरंही काहीतरी मिसळलं होतं. लहानपणी रात्री अंगणापलीकडे जाताना पुढे कंदील धरलेला माणूस असायचा, तसं. माणूस कधी दिसला नाही. धरणाच्या भिंतीवर आलो तेव्हा ढग विरायला लागला, आणि हजेरीत तीनच्या पुढे काही आलं नाही.

भिंतीच्या टोकाशी पिवळ्या जॅकेटातली माणसं उभी होती. तीनला परतणार असं आम्ही लिहिलं होतं, आता चार वाजत आले होते. त्यांनी अनिशला स्लेजवर घेतलं, स्वरदाला ब्लँकेटमध्ये गुंडाळून गरम चहा दिला. तिच्या गालावर रंग आला तेव्हा मी तिथेच बर्फात बसले. पोरगी आली. माझी पोरगी परत आली. बाकी जगात काहीही होवो.

त्यांच्यातला एक दाढीवाला, डंकन नावाचा, वही घेऊन आला.

"चौथा कुठे आहे?"

"आम्ही तिघंच," मी म्हणाले.

"वहीत चार आहेत. बी. सुपारे." तो परत वर निघायच्या तयारीत होता, त्याच्या मागे आणखी सहा जण. अंधार पडायला दीड-दोन तासच उरले होते. अनिशने स्लेजवरून मान वर केली आणि सगळं सांगितलं. आई, सुपारी, विनोद. सांगताना तो शरमेने इतका लहान झाला की मला त्याची दया आली. डंकनने ऐकून घेतलं आणि मग मोजक्या शब्दांत झापलं. सहा माणसं मी एका सुपारीसाठी ढगात पाठवणार होतो, म्हणाला. बरोबर होतं त्याचं.

मग त्याने पेन्सिल माझ्याकडे दिली. "ते नाव खोडा आणि खाली सही करा. नाहीतर मला शोध बंद करता येणार नाही."

मी नाव खोडलं.  ज्याने माझ्या लेकीचा पाय सगळा वेळ पेलून धरला, तो नव्हताच असं मी सहीनिशी लिहून दिलं.

डंकन वही मिटून जरा घुटमळला. "मेट," तो हळूच म्हणाला, "मी दुर्बिणीतून बघत होतो. भिंतीवर तुम्ही चार होता. दोनदा मोजले."

मी थँक्यू म्हणाले.

अनिशचा गुडघा मुरगळला होता, मोडला नव्हता. साडेपाचला आम्ही डोंगर उतरायला लागलो. मी चालवत होते, अनिश शेजारी पाय लांब करून, स्वरदा मागे, माझ्या पाठीशी. पिशव्या, स्की, सगळं डिकीत. हीटर पूर्ण चालू.  एका वळणावर थांबून मी आतल्या खिशाची चेन उघडली. माझं जॅकेट आतून कोरडं खडखडीत होतं. लाल फडकं मात्र ओलं होतं, पिळलं तर पाणी निघेल इतकं. गाठ तशीच होती. सुपारी बर्फासारखी गार लागली.

बरोबर परत आणायची नाही, सासूबाई म्हणाल्या होत्या.

मी काच खाली केली. ती तिथेच, दरीत, झाडांत टाकता आली असती. हात बाहेरही काढला. मग काच वर केली आणि सुपारी पुन्हा खिशात ठेवली. खोडायचं ते एकदा खोडलं होतं, दुसऱ्यांदा माझ्याने होईना.

गाडी सुरू केली. लगेच टिंग टिंग वाजायला लागलं. पट्टा न लावल्याची खूण. मी माझा बघितला, अनिशचा बघितला.

"स्वरदा, पट्टा लाव गं."

"लावलाय."

समोरच्या काचेखाली लाल दिवा होता. मागची डावी सीट. स्वरदाच्या शेजारची, अनिशच्या मागची, रिकामी.

टिंग. टिंग. टिंग.  आरशात मी स्वरदाकडे पाहिलं. ती त्या सीटकडे बघत होती. घाबरलेली दिसत नव्हती. मग ती पुढे वाकली, शेजारचा पट्टा ओढला, रिकाम्या सीटवरून सावकाश आडवा घेतला, एखाद्या म्हाताऱ्या माणसाला बांधावा तसा, आणि खटका लावला.

आवाज थांबला. मी गाडी वळणावरून पुढे घेतली, हळू, चौघांना सांभाळून.